तंबूची जागा शोधून देणारे अ‍ॅप: कोल्हापूरच्या डोंगरात आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी मुक्कामाच्या जागा आणि डोंगरवाटा दाखवणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी भरली. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारची चार-पाच अ‍ॅप जवळजवळ सारखीच चालतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांनाच लागू पडेल. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत मी, माझा भाऊ आणि त्याची बारा वर्षांची मुलगी अशा तिघांनी मसाई पठार, गगनबावडा, आंबा, पाटगाव, राधानगरी आणि चंदगड या भागांत मिळून चौदा मुक्काम केले. त्यांतल्या नऊ जागा अ‍ॅपने दाखवलेल्या होत्या आणि उरलेल्या पाच गावातल्या माणसांनी. हा हिशेब आधीच दिला, म्हणजे पुढचे सगळे त्या प्रमाणात वाचता येईल.

अ‍ॅपचा खरा उपयोग वाटेवर होतो, आणि त्याबाबतीत माझी काहीही तक्रार नाही. घरून निघण्यापूर्वी नकाशा उतरवून घेतला की मोबाईलला रेंज नसतानाही आपण कुठे आहोत हे कळत राहते. पाटगावच्या पुढे किंवा गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर याची किंमत कळते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात भटवाडीकडून रांगण्याकडे जाताना सकाळी सात वाजता असे दाट धुके उतरले की दहा पावलांवर चालणारी भाची दिसेनाशी झाली. कारवीच्या रानात गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की धुक्यात त्या ओळखणे गावकऱ्यालाही जड जावे. त्या दिवशी आधीच्या कुणीतरी चालून नोंदवलेली रेषा पडद्यावर होती आणि आमचा निळा ठिपका तिच्यापासून सरकला की आम्ही थांबत होतो. अशा रीतीने दीड तास चाललो आणि एकदाही चुकलो नाही.

मात्र समोच्च रेषांबाबत, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांबाबत, एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दोन समोच्च रेषांमधले उंचीचे अंतर २० मीटर असते, आणि मी वापरते त्या अ‍ॅपमध्येही तेच आहे. याचा अर्थ असा की पंधरा मीटरांचा सरळ तुटलेला कातळकडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जातो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर असल्यामुळे असे कडे आपल्याकडे जागोजागी आहेत. नकाशावर मऊ दिसणारा उतार प्रत्यक्षात तसा असेलच असे नाही, म्हणून रेषा सोडून 'जवळच्या वाटेने' उतरण्याचा मोह टाळावा.

आता पाण्याविषयी. या अनुभवातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे तो थोडा सविस्तर लिहिते. अ‍ॅपमध्ये पाण्याच्या जागेला निळ्या थेंबाची खूण असते. ती खूण ऑक्टोबरात खरी ठरली म्हणून मार्चमध्येही खरी असेल, असे आम्ही गृहीत धरले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाटगावच्या वरच्या अंगाला एका सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळी माथ्याच्या, कडेला आम्ही दुपारी चारला पोहोचलो. थेंब होता, खाली कुणीतरी 'उत्तम पाणी' असे लिहिलेही होते, आणि प्रत्यक्षात टाक्याच्या तळाशी वाळलेले शेवाळ आणि मधमाश्या एवढेच उरले होते. तिघांत मिळून दीड लिटर पाणी शिल्लक होते. अर्ध्या तासाने शेळ्या घेऊन धनगरवाड्यावरची एक आजी आली. आमच्याकडे आणि टाक्याकडे पाहून ती म्हणाली, "शिवरात्र झाली की आटतंय ते. खाली जांभळाकडं जावा, तितं झिरा हाय. उन्हाळाभर आटत न्हाई." तिने काठीने दाखवलेल्या दिशेने शे-सव्वाशे पावले उतरलो, तेव्हा जांभ्या दगडाच्या कडेखाली, मुळांच्या जाळीतून करंगळीएवढी धार पडत होती. तिच्याखाली कुणीतरी कातळात कोरलेला वाडग्याएवढा खळगा होता आणि त्यावर पाला पडू नये म्हणून एक चपटा दगड तिरका ठेवलेला होता. दोन लिटरची बाटली भरायला सहा मिनिटे लागली. पाणी इतके गार होते की भाचीने ओंजळ दोनदा सोडली.

हे असे का होते, हे नंतर विचार केल्यावर लक्षात आले. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या सड्यांवर वर जांभा आणि खाली काळा बेसाल्ट असतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी वर थांबत नाही. ते मुरत खाली जाते आणि बेसाल्टचा घट्ट थर लागला की आडवे सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे माथ्यावरची डबकी आणि टाकी लवकर आटतात, पण कडेच्या खाली, जिथे उन्हाळ्यातही झाडी हिरवी राहते, तिथे पाणी टिकण्याची शक्यता जास्त असते. त्यानंतर आम्ही अ‍ॅपमधल्या उपग्रहचित्रात एप्रिल-मेचे चित्र मिळते का ते पाहून कडेखालचे हिरवे ठिपके शोधू लागलो. पुढच्या दोन मुक्कामांत हा अंदाज बरोबर आला, एकदा चुकला. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी थेंबाच्या खुणेशेजारी फक्त महिना लिहिण्याची सोय दिली, तरी आपल्याकडच्या भटक्यांचे निम्मे काम होईल. मी तशी सूचना दोनदा पाठवली. दोन्ही वेळा आभाराचे ठरावीक उत्तर आले.

दुसरी गंभीर उणीव परवानगीची आहे. जानेवारीत राधानगरी परिसराचा नकाशा उघडला, तेव्हा त्यात तंबूच्या तीन खुणा अभयारण्याच्या हद्दीत दिसत होत्या, आणि त्यांवर कोणतीही सूचना नव्हती. राधानगरी हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य. दाजीपूरच्या गव्यांसाठी ते १९५८ साली स्थापन झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय पर्यटकाला प्रवेश नाही आणि तिथे आग लावणे हा गुन्हा आहे. तिथे आपल्या मनाने तंबू टाकता येत नाही, हे आम्हाला माहीत होते म्हणून आम्ही वाचलो. बाहेरगावाहून येणाऱ्याला ते कसे माहीत असावे? शिवाय अलीकडच्या काळात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रेही जाहीर झाली आहेत. मी वापरते त्या नकाशात त्यांच्या हद्दी अजून उमटलेल्या नाहीत. चांदोलीच्या बाजूला तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे तिकडे खुणेवर विसंबून जाण्याचा विचारही करू नये. माझा सरळ सल्ला असा की रान सुरू होण्यापूर्वी जी वन विभागाची चौकी लागेल, तिथे थांबून विचारावे. आम्हाला भेटलेल्या वनरक्षकाने दहा मिनिटे खर्च करून हद्द कुठपर्यंत आहे, गवे संध्याकाळी कोणत्या बाजूने उतरतात आणि हद्दीबाहेर कोणत्या वाडीत राहण्याची सोय होईल, हे तिन्ही सांगितले. यातली एकही गोष्ट अ‍ॅपमध्ये नव्हती.

अ‍ॅपमधला 'मोफत जागा' हा शब्दही मला खटकतो. आपल्याकडे मोकळी दिसणारी जमीन कुणाची तरी मालकी असते, गावाचे गायरान असते किंवा वन विभागाची असते. बेवारस अशी जमीन नसते. नोव्हेंबरात गगनबावडा तालुक्यात अशाच एका खुणेवर आम्ही संध्याकाळी तंबू उभारला आणि सकाळी शेताचे मालक बैल घेऊन आले. ते रागावले नाहीत. "रान माझंच हाय ताई, पण काल इचारला असता तर खळ्यावर जागा दिली असती की. हितं रातीला गवं फिरत्यात," एवढेच म्हणाले. तंबूपासून वीस पावलांवर ओल्या मातीत ताजे खूर उमटले होते. प्रत्येक खूर माझ्या तळहातापेक्षा मोठा. आम्ही गव्यांच्या पाण्याच्या वाटेवरच झोपलो होतो. तेव्हापासून आम्ही पोहोचल्याबरोबर आधी वाडीत जातो, पोलीस पाटलांना किंवा पहिल्या घरात सांगतो आणि मगच पाठीवरचे ओझे उतरवतो. पाणवठ्यापासून शंभर पावले तरी दूर राहतो. बहुतेक वेळा चहा मिळतो, आणि दोनदा तर नाचणीची भाकरी आणि खर्डाही मिळाला.

उपक्रमांच्या सूचीबद्दल थोडक्यात सांगते. ती भरगच्च आहे, पण तिच्यात ऋतूचे भान कमी आहे. मसाई पठारावरची फुले पावसाळ्याच्या शेवटी असतात, पण सूचीत ती वर्षभर दिसतात. राधानगरीचे काजवे मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्यावर बहरात येतात. तिथे फक्त 'रात्रीचा उपक्रम' असे लिहिले आहे आणि विजेऱ्या व गाडीचे दिवे बंद ठेवावेत ही साधी सूचनाही नाही. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या गाडीचे दिवे लागले आणि हिरड्याच्या एका पूर्ण झाडावरची लुकलुक थांबली. ती परत सुरू व्हायला बराच वेळ लागला. पक्षी पाहणाऱ्यांनी मात्र इतरांच्या नोंदी जरूर वाचाव्यात, त्या तारखेसह असतात आणि मलबारी राखी धनेश आम्हाला त्यांच्याच आधारे दिसला. पैसे घेऊन तंबूत राहू देणाऱ्या ठिकाणांची छायाचित्रे जुनी असतात. एका ठिकाणी 'शांत जंगल मुक्काम' म्हणून आगाऊ पैसे भरले आणि रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिवर्धक चालू होता. मी त्यावर लिहिलेला अभिप्राय आठवड्याभरात सूचीतून नाहीसा झाला, हे मला अजिबात पटलेले नाही.

एक बाब आरोग्याची. गवताळ सड्यांवर जानेवारीनंतर गोचिडी फार असतात, आणि आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. चंदगड-तिलारीच्या बाजूला जाणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर थेट पथारी टाकू नये आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वन विभागाला कळवावे. कोणत्याही अ‍ॅपमध्ये मी ही सूचना पाहिलेली नाही.

वर्गणी पुढच्या वर्षीही भरणार आहे. वाटेची रेषा, उतरवलेला नकाशा आणि स्वतःच्या नोंदी ठेवण्याची सोय यांसाठी ती मला योग्य वाटते; जागा निवडण्यासाठी मात्र मी ती भरत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा उतरवून घेते, फोन विमान-स्थितीत ठेवते म्हणजे बॅटरी दोन दिवस पुरते, आणि ११२ व वन विभागाचा १९२६ हे दोन क्रमांक कागदावर लिहून भाचीच्या खिशात देते. पाटगावच्या त्या टाक्याच्या खुणेखाली मी मार्चमध्येच लिहून ठेवले आहे: 'शिवरात्रीनंतर कोरडे. दक्षिणेला शंभर-सव्वाशे पावले खाली, जांभळाच्या झाडाशी झिरा. वरचा दगड परत जागेवर ठेवावा.' एप्रिलमध्ये कुणीतरी त्याखाली 'पाणी मिळाले, दगड ठेवला' असे लिहिले आहे.