क्यूजीआयएस: जमीन वापराचं प्लॅनिंग खरंच पटापट होतं
गेली काही वर्षं झोनिंगचे, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते दाखवणारे नकाशे क्यूजीआयएसवरच करतोय, आणि मनापासून सांगतो, नकाशे बनवायचं भारी सॉफ्टवेअर आहे. २००२ मध्ये सुरू झालेला ओपन सोर्स प्रोजेक्ट, लायसन्सचा खर्च शून्य, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतं, त्यामुळे छोट्या प्लॅनिंग ऑफिसलाही जमतं. पूर्वी ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून शोधायचो की नदीपासून ५० मीटरच्या आत कुठले प्लॉट येतात, आता नदीच्या लेयरला (नकाशातल्या नदीच्या थराला) बफर मारायचा, म्हणजे भोवती ५० मीटरचा पट्टा आखायचा, प्लॉटच्या लेयरशी इंटरसेक्शन करायचं, म्हणजे दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढाच भाग काढायचा, की तुकडे समोर, क्षेत्रफळही लगेच काढता येतं. आणि मॉडेल डिझायनरमध्ये या स्टेप्स एकदा जोडून ठेवल्या ना, की नवीन अर्ज आला की नुसतं रन दाबायचं, हे फीचर म्हणजे सोनं आहे! वाचलेला वेळ मी लोकांच्या हरकती नीट ऐकायला देतो, ते काम कुठलंच सॉफ्टवेअर करणार नाही.

एक सांभाळा मात्र. मला मिळालेल्या एका सर्व्हेच्या फाइलला चुकीची कोऑर्डिनेट सिस्टिम (जमिनीवरची जागा आकड्यांत मांडायची पद्धत) लावलेली होती, अर्धे प्लॉट थेट नदीत दिसत होते आणि कारण शोधण्यात अख्खा दिवस गेला. फाइल उघडल्या उघडल्या आधी तेच तपासा.