पॉलिमर क्लेचे कोस्टर गिफ्ट म्हणून : काही महिने रोज वापरून काय वाटलं

मावशीला द्यायला पॉलिमर क्लेचे (मातीसारखी मळता येणारी, ओव्हनमधे भाजली की घट्ट होणारी प्लास्टिकची क्ले) चार कोस्टर केले होते, त्याच क्लेचे दोन घरीही ठेवले म्हणजे रोजच्या वापरात काय होतंय ते कळेल. तर आता सांगते, दिसायला सगळे अजून मस्तच आहेत पण वापरायला गुळगुळीत आणि नक्षीचा या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात जास्त विचारतात ते हे की गरम कप ठेवला तर वितळेल का. नाही वितळत. क्ले ओव्हनमधे साधारण 110 ते 130 अंशाला भाजतात (पाकिटावर असेल तेच धरा) आणि चहा कितीही कडक असला तरी शंभरच्या खालीच. पण गरम झाला की कोस्टर थोडा लवचिक होतो, त्यामुळे पातळ लाटलेला असेल तर हळूहळू कडा वर येतात. निदान 5-6 मिलिमीटर जाडी ठेवा, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटलं की एकसारखं येतं. भाजताना सपाट टाइलवर कागद घालून ठेवा, कागद नसेल तर खालून चकचकीत डाग पडतात, आणि बाहेर काढल्यावर जड पुस्तकाखाली गार होऊ द्या. ओव्हनच्या बटणावर मात्र विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर आत ठेवा, कारण क्ले जळली तर धूर खरंच वाईट असतो, त्यात पीव्हीसी असतं ना.

आता खरी गंमत. घरचा एक कोस्टर गुळगुळीत, वर ग्लॉसी व्हार्निश मारलेला. फोटोत हाच भाव खाऊन जातो! पण पॉलिमर क्ले पाणी अजिबात शोषत नाही, त्यामुळे गार ग्लासचं पाणी वर तसंच साचतं, ग्लास उचलला की कोस्टर पण चिकटून वर येतो आणि ओठापर्यंत पोचला की सुटून खाली आपटतो, पाहुण्यांसमोर तर हमखास. दुसऱ्यावर लेस दाबून नक्षी उठवली होती, व्हार्निश नाही, फक्त ओल्या पॉलिशपेपरने घासून जुन्या जीन्सच्या कापडाने चोळलेला. हा कधीच चिकटला नाही आणि चहाचा डाग पडला तरी ओल्या फडक्याने जातो. नक्षीच्या खोबणीत मळ बसतो, तेवढा जुन्या टूथब्रशने काढावा लागतो.

व्हार्निश हवंच असेल तर वॉटर-बेस्ड (पाण्यावर आधारित) घ्या. नेलपॉलिश आणि बरेचसे स्प्रे क्लेशी रिअॅक्ट होऊन काही दिवसांनी चिकचिकीत होतात आणि मग धूळ अशी बसते की निघता निघत नाही.

मागे कॉर्क किंवा फेल्ट लावणं मला आधी फक्त सजावट वाटायचं, पण ते लावाच, कारण क्लेमधलं प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं रसायन) काही पॉलिश केलेल्या लाकडावर डाग पाडू शकतं आणि आपण भेट दिलेल्या वस्तूने कुणाचं टेबल खराब व्हावं हे फारच लाजिरवाणं. शिवाय सरकत नाही. मी तर फेल्टच सुचवेन, ओला झाला तरी वाळतो.

पांढरा रंग टाळलेला बरा, लाटतानाच हातावरची सगळी धूळ, स्वेटरचे धागे, सगळं त्यात जातं. संगमरवरी मिक्स केलं तर असले कण लपतात.

डिशवॉशरमधे टाकू नका आणि गॅसवरून उतरवलेलं गरम पातेलं यावर ठेवू नका, हे दोन्ही मी बॉक्सवरच्या चिठ्ठीत लिहून दिलं होतं. मावशीने चिठ्ठी वाचली की नाही माहीत नाही, पण कोस्टर चारही शाबूत आहेत.