बीटा पेशींवरचा ॲनिमेशन कोर्स: तिसऱ्या धड्यासाठी तरी घ्याच

आईला टाइप 2 मधुमेह आहे. तिच्या गोळ्या शरीरात नेमकं काय करतात ते समजून घ्यायचं होतं, म्हणून स्वादुपिंडावरचा हा ऑनलाइन कोर्स घेतला.

तिसरा धडा अप्रतिम आहे. रक्तातली साखर वाढली की ग्लुकोज बीटा पेशीत, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत, आपसूक शिरतं. स्नायूंना लागते तशी इन्सुलिनची मदत तिला लागत नाही. मग ग्लुकोकायनेज हे एन्झाइम कामाला लागतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, पोटॅशियमची वाहिनी बंद होते, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या कडेला येऊन रित्या होतात. वाहिनी बंद होतानाचा भाग मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या ग्लुकोजची वाट न बघता हीच वाहिनी बंद करतात. आईची गोळी याच गटातली. म्हणजे पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सुटतं आणि साखर फार खाली जाऊ शकते; ‘जेवण चुकवू नका’ असं डॉक्टर तिला का बजावतात, ते इथे लख्ख कळलं.

पाचवा धडा मात्र खटकला. ग्लुकोजला पेशीत नेणारं प्रथिन, म्हणजे वाहक, म्हणून एकट्या ग्लट2लाच दाखवलंय. उंदरांच्या बाबतीत तोच मुख्य, पण माणसाच्या बीटा पेशीत ग्लट1चा वाटा मोठा आहे. हे दुरुस्त व्हायलाच हवं. चाचणीचे प्रश्न ठीकठाक.

जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह झालेल्या काही बाळांमध्ये पोटॅशियमच्या याच वाहिनीच्या जनुकात दोष असतो, आणि त्यातल्या अनेकांना इन्सुलिनची इंजेक्शनं सोडून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर येता येतं. इतक्या मोलाच्या गोष्टीला कोर्समध्ये जेमतेम दोन वाक्यं मिळालीत; तिच्यावर अख्खा धडा हवा होता.