85,000 रुपयांचं निळं पाणी

कर्जतजवळ जुना बंगला घेतला तेव्हा मागच्या अंगणातला स्विमिंग पूल जवळजवळ फुकटच मिळाला, असं आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आधीच्या मालकांनी तीन वर्षं तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पाणी हिरवंगार, तळ दिसायचा नाही, कडेला बेडकांची वसाहत. माझं आयुष्य डोंबिवलीत गेलं. टाकी भरली की मोटर बंद करायची, एवढंच मला पाण्यातलं कळतं. पण बँकेत 32 वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासली असल्यामुळे आपल्याला कोणी गंडवणार नाही, हा भ्रम मात्र पक्का होता.

एका दुकानातून 'पूलवाल्या'चा नंबर मिळाला. माणूस गोड. मला ताई, ह्यांना सर, आणि पंच्याहत्तरीच्या मावशीला म्हणे, "आजी, मे महिन्यात तुम्हाला पाण्यात उतरवतो की नाही बघा." मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. डावीकडे डबकं, उजवीकडे निळंशार पाणी. त्या उजवीकडच्या फोटोंनीच आमचं काम तमाम केलं. खर्च 85,000 सांगितला: फिल्टरची वाळू बदलणं, शॉक ट्रीटमेंट (एकदम क्लोरीनचा मोठा डोस), टाइल्स घासणं, मोटरची दुरुस्ती. त्यातले 60,000 आगाऊ, यूपीआयने, भलत्याच नावाच्या खात्यात. "मिसेसचं खातं आहे ताई." मी पाठवले. बँकेतल्या मी!

एप्रिलमध्ये काम झालं. आम्ही शनिवार-रविवारीच जायचो, त्यामुळे काय चाललंय ते तोच फोनवर सांगायचा. मे महिन्यात पहिल्या रविवारी सकाळी सातला त्याने ताबा दिला. पाणी काचेसारखं, निळं. मावशीने चक्क हात जोडले. तळाशी राखाडी थर दिसत होता, त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "टाइल्स जुन्या आहेत, ते डाग जायचे नाहीत." फिल्टरवरचा प्रेशरचा काटा आधी बराच वर असायचा, तो आता तळाला टेकला होता. "बघा सर, फिल्टर झकास मोकळा झाला." उरलेले 25,000 तिथेच दिले. दोन दिवस कोणी उतरू नका, केमिकल बसू द्या, असं सांगून तो गेला.

तिसऱ्या दिवशी नातवंडांनी उड्या मारल्या आणि पाच मिनिटांत पाणी चहासारखं झालं. डोळे सगळ्यांचेच चुरचुरले. आम्हाला वाटलं, क्लोरीन जास्त पडलं असेल. मावशी मात्र पायऱ्यांवर बसून रोज तासभर डुंबत होती. आठवड्याने तिच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर हिरवट झाक आली. आधी आम्ही हसलो.

त्याला फोन केला तर दुसरंच प्रकरण निघालं. पाणी चार दिवसांत बोटभर उतरलं होतं, म्हणजे पूल गळतोय! सगळा रिकामा करून ग्राउटिंग, म्हणजे सांधे-भेगा बुजवणं, करावं लागेल, 1,40,000 रुपये, काम जूनअखेर सुरू करू. घाबरून आम्ही होकार देणारच होतो. तेवढ्यात भाच्याने त्याच्या ठाण्याच्या सोसायटीत पूल सांभाळणाऱ्या एका काकांना पाठवलं. त्यांचे 1,500 रुपये आणि येण्या-जाण्याचं भाडं हा या सगळ्या प्रकरणातला आमचा एकमेव शहाणा खर्च.

काकांनी आल्याआल्या विचारलं, "टेस्ट किट कुठाय?" नव्हतंच. त्यांनी स्वतःचं काढलं, काही शे रुपयांना मिळतं. दोन नळ्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले. क्लोरीनच्या नळीला रंगच चढला नाही. चांगल्या पूलमध्ये ते 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग हवं, आमच्याकडे शून्य. दुसरी नळी पिवळी झाली, म्हणजे पीएच 6.8 किंवा त्याहून खाली, हवा 7.2 ते 7.6. हा आकडा जितका खाली, तितकं पाणी आम्ल. डोळे चुरचुरले ते आम्लामुळे, क्लोरीनमुळे नव्हे. मग त्यांनी मावशीचे केस पाहिले आणि म्हणाले, "मोरचूद."

शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि गाळ खाली बसवायला तुरटी. तुरटीने रात्रीत पाणी नितळतं आणि पीएचही घसरतो. तळाचा तो राखाडी थर म्हणजे बसलेला गाळ. तो व्हॅक्यूमने ओढून बाहेर टाकायचा असतो, ती मेहनत कोणी केलीच नव्हती. आणि पाणी निळं दिसलं म्हणजे त्यात जंतू नाहीत असं थोडंच असतं! तिथे आम्ही पोरं सोडली होती.

फिल्टरपाशी गेल्यावर काका जरा वेळ गप्प राहिले. व्हॉल्व्हचा दांडा 'फिल्टर'वर नव्हता, 'रिसर्क्युलेट'वर होता. म्हणजे पाणी वाळूतून जातच नव्हतं, नुसतं गोल फिरत होतं. काटा खाली आला होता तो त्यामुळे. झाकण उघडलं तर वर चार बोटं नवी पांढरी वाळू, खाली जुन्या वाळूचे तेलकट गोळे. आमच्या मापाच्या फिल्टरला साधारण 150 किलो वाळू लागते, म्हणजे 50 किलोच्या तीन गोणी. मागच्या कुंपणाशी रिकामी गोणी एकच पडली होती. ती मी दोनदा पाहिली होती, मोजली नव्हती. पंपाच्या खोलीत ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्यांच्या डब्यांत एकच मग फिरवलेला दिसला, तो पाहून मात्र काका चिडले. ही दोन केमिकल्स एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होतो.

आता गळती. पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवली, आत-बाहेर पातळी सारखी करून खुणा केल्या. चोवीस तासांनी दोन्हीकडे सारखंच उतरलं होतं. मे महिन्याच्या उन्हाने पाणी प्यायलं, बस. खरी गळती असती तर पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असता. जूनअखेर पूल रिकामा केला असता तर काय झालं असतं, हेही काकांनी सांगितलं. कर्जतच्या पावसात जमिनीतलं पाणी वर चढतं, खालून दाब येतो. भरलेल्या पूलचं वजन तो दाब पेलतं. रिकामा पूल तडकतो, कधी जागचा उचललाही जातो.

पीएच धुण्याच्या सोड्याने हळूहळू वर आणला, तेव्हा विरघळलेलं तांबं टाइल्सच्या सांध्यांवर बसलं आणि तिथे हिरवे-काळे डाग उठले. ते अजून आहेत.

पूलवाल्याकडे बिल मागितलं तर त्याने साध्या कागदावर आकडा लिहून फोटो पाठवला, जीएसटी नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, म्हणून तिथेही जाणार आहे. हातात पुरावा म्हणून यूपीआयच्या नोंदी, काकांनी काढलेले वाळूचे फोटो आणि त्याचे गोड व्हॉइस मेसेज. आमच्या माळ्याचीही चार दिवसांची मजुरी त्याने बुडवली होती. बिचारा लाजेने आम्हाला बोलला नव्हता.

परवा नंबर काढायला त्याचं व्हॉट्सॲप उघडलं. डीपीवर आधीचा-नंतरचा नवा फोटो होता. उजवीकडे आमचा पूल, सकाळी सातचा, निळाशार. कोपऱ्यात हात जोडून उभी असलेली मावशी.