इन्व्हर्टर बल्ब: कोकणातल्या पावसाळ्याला पुरतो का?

दापोली तालुक्यात माडाचा एखादा झाप तारांवर पडला तरी वीज जाते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर या पट्ट्यातल्या अनेक वाड्या कित्येक दिवस अंधारात होत्या. त्यामुळे पोटात बॅटरी असलेले ९ वॅटचे इन्व्हर्टर बल्ब इथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत चांगले खपतात. आम्ही ते पडवीत, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात लावले असून हे मत एका पावसाळ्याच्या वापरावरून बनलेले आहे.

खोक्यावर 'चार तास बॅकअप' असे छापलेले असते आणि तो दावा खोटा नाही. मात्र त्यामागचा हिशेब समजून घ्यायला हवा. आतली लिथियम बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्टची, म्हणजे जेमतेम ८ वॅट-तासांची असते. एवढ्या साठ्यावर ९ वॅटचा दिवा एक तासही जळणार नाही, म्हणून वीज गेल्यावर बल्ब आपोआप २ वॅटच्या आसपास उतरतो. त्या उजेडात भाकरी थापता येते, जिन्यावरून सांभाळून उतरता येते, पण मुलांना अभ्यास करता येत नाही.

बल्ब कुठे लावावा, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. बॅटरी फक्त वीज असताना आणि बटण चालू असतानाच भरते व पूर्ण भरायला आठ ते दहा तास लागतात. म्हणजे क्वचित उघडणाऱ्या माळ्यावरचा बल्ब ऐन वेळी रिकामा निघणार. आमचा पडवीतला दिवा रात्रभर चालू असतो, म्हणून तोच सर्वांत भरवशाचा ठरला.

दुसरी गोष्ट कोकणात विशेष महत्त्वाची आहे. बटण चालू आहे की बंद, हे हा बल्ब घरातल्या इतर उपकरणांतून पूर्ण होणाऱ्या मार्गावरून ओळखतो. विजा कडाडू लागल्या की आपण मेन स्विच पाडतो, टीव्ही-फ्रीजच्या पिना काढतो आणि पंखेही बंद करतो. मग तो मार्गच उरत नाही आणि बल्ब होल्डरमध्ये ढिम्म बसून राहतो. अशा वेळी एखाद्या पंख्याचे बटण चालू ठेवावे, किंवा सरळ बल्ब काढून हातात घ्यावा: दोन्ही टोकांना बोटे लागताच तो पेटतो (शेजारच्या आजींना ही करणी वाटते).

रात्रभराच्या अंधाराला मात्र हा बल्ब पुरत नाही. त्यासाठी संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारा ५ वॅटचा एलईडी दिवा ही जोडणी मला अधिक पटते. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली नाही, तरी आठ तास सलग आणि न मंदावणारा उजेड मिळतो. धन टोकाजवळ फ्यूज लावल्याशिवाय मात्र ही जोडणी करू नये, आणि खारट हवेने टोके लवकर गंजतात, म्हणून जोडणी घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

तीन-साडेतीनशे रुपयांत तासा-दोन तासांची सोय म्हणून बल्बला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. अर्धा गुण आणखी मिळाला असता, पण आतली बॅटरी बदलता येत नाही. ती थकली की संपूर्ण बल्बच टाकावा लागतो.