४०० रुपयांचा सिग्नल फाइंडर, फ्री डिशची छत्री आणि दोन महिन्यांची कटकट: वापरून बघितल्यावर

आई-बाबा गावी दोघंच असतात, संगमेश्वरच्या पुढे बरंच आत, आणि त्यांच्याकडे टीव्ही म्हणजे फ्री डिशची छत्री. पूर्वी माडीवर काठीला बांधलेला अँटेना होता, तो अजून पडवीच्या कोपऱ्यात पडलाय, पण ते प्रक्षेपणच बंद झालं तर तो काय कामाचा. फ्री डिश प्रसारभारतीची, २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. महिन्याचं रिचार्ज नाही, एकदा छत्री लावली की झालं, त्यामुळे आमच्या वाडीत निम्म्या घरांवर तीच आहे. बाबांना सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लागतात म्हणजे लागतातच.

तर यंदा जुलैपासून पिक्चर तुटायला लागलं. आधी चौकोन चौकोन दिसायचे, मग आवाज मधेच गायब, मग सरळ नो सिग्नल. आई फोनवर सांगायची आणि मी पुण्यातून काय करणार, बॉक्स बंद करून चालू कर एवढंच. शेवटी बाबांनी तालुक्याच्या दुकानातून माणूस बोलावला. तो आला, टीव्हीवर सिग्नलचं पान उघडलं, स्ट्रेंथ ८५ दिसते बघा, म्हणजे छत्री ओके आहे, तुमचा बॉक्सच गेलाय म्हणाला आणि १२०० रुपयांचा नवीन बॉक्स लावून गेला. चार दिवस चालला. ते चार दिवस उघडीप होती हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं. पाचव्या दिवशी पाऊस धरला आणि परत तेच.

मला याचा फार राग आला, कारण पैसे गेले ते गेले, पण म्हाताऱ्या माणसांना खात्रीने चुकीचं सांगितलं. स्ट्रेंथ ८५ म्हणजे छत्री बरोबर, असं अजिबात नसतं. ती पट्टी एवढंच सांगते की एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, करंट जातोय आणि त्याच्याकडून वायरीतून काहीतरी येतंय. छत्री आकाशात भलतीकडेच बघत असली तरी स्ट्रेंथ चांगली दिसू शकते. बघायची असते ती खालची क्वालिटीची पट्टी, हवा तो सिग्नल नीट मिळतोय का हे ती सांगते. त्या दिवशी ती २० च्या आसपास होती असं बाबा म्हणाले, त्यांनी वाचली होती, पण ती बघ असं कोणी सांगितलंच नव्हतं.

गणपतीला जायच्या आधी मी ऑनलाइन तो छत्री नीट वळवायला वापरतात तो छोटा सिग्नल फाइंडर मागवला, काटा असलेला, बझर वाजतो, वर छोटं होकायंत्र असतं तो. ४०० रुपये. सोबत एक मीटर लांबीची पॅच वायर, म्हणजे जोडणीसाठीची जादा छोटी वायर, आली नाही, ती वेगळी घ्यावी लागते, हे आधीच लक्षात ठेवा नाहीतर घरी येऊन खोळंबा होतो. हा मीटर एलएनबी आणि बॉक्स यांच्या मधे जोडायचा. त्याला स्वतःची बॅटरी नसते, खालच्या बॉक्सकडून वायरीतून जो करंट एलएनबीला जातो त्यावरच तो चालतो, म्हणजे खाली बॉक्स चालू पाहिजे. आणि दोन तोंडं असतात, एक एलएनबीचं आणि एक बॉक्सचं, ती उलटी लावली तर नीट चालत नाही, लिहिलेलं बारीक असतं, वाचूनच लावा.

पण मीटर जोडायचा म्हणून एलएनबीचा कनेक्टर उघडला तिथेच अर्धं उत्तर मिळालं. नट फिरवला आणि तळहातावर तांबूस पाण्याचा थेंब पडला. आतली तांब्याची तार हिरवी झालेली, तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीची एक बारीक तार तिच्याकडे वाकलेली, जवळजवळ टेकलेलीच. वरून साधी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती उन्हाने सुटून लोंबत होती आणि पाणी तिच्याच आत साठत होतं. आणि हे १० रुपयांचं काम आहे हो! ज्याने १२०० चा बॉक्स विकला त्याने शिडी लावून हे एकदा उघडून बघितलं असतं तर जुना बॉक्स आजही चालला असता. चालतोच आहे खरंतर, मी लावून बघितला.

म्हणून माझं कळकळीने सांगणं आहे, पाऊस चालू असताना चित्र जाणं आणि पाऊस थांबल्यावरही न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही छत्री केयू बँडच्या, म्हणजे पावसात लवकर शोषल्या जाणाऱ्या लहरींची आहे, धो धो पावसात ढग आणि पाणीच सिग्नल खातात, दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं आणि सर ओसरल्यावर आपोआप आलं तर काही बिघडलेलं नाही, कोणाला बोलवू नका, पैसे देऊ नका. पण पाऊस थांबून दोन तास झाले तरी येत नाही, किंवा दुपारी ऊन पडल्यावर वायर वाळली की येतं आणि रात्री दव पडलं की जातं, तर आधी कनेक्टर उघडा, मग एलएनबीचं तोंड बघा. आमच्या एलएनबीच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या टोपीला उन्हाने केसासारखी चीर गेली होती, खालून दिसतसुद्धा नव्हती, हाताने चाचपल्यावर कळलं. नवीन एलएनबी २५० चा. वायर वरून दीडेक वीत कापली, काळी पडलेली जाळी संपून चकचकीत लागेपर्यंत, आणि दाबून बसवायचा कनेक्टर लावला. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, खालून वर, म्हणजे पाणी वरच्या पदरावरून खाली ओघळतं, आत शिरत नाही. वायर घरात शिरते तिथे खाली एक सैल झोल ठेवला, आधी ती सरळ वरून आत येत होती आणि पाणी तिच्यावरून चालत भिंतीतल्या भोकापर्यंत जायचं.

आता मीटरकडे येते, कारण रिव्ह्यू त्याचा आहे. छत्री वानरांनी हलवली होती. आमच्याकडे वानरं कौलांवरून माडीवर आणि तिथून फणसावर जातात आणि छत्री त्यांच्या वाटेत येते. पाइपही वाकला होता. गवंड्याचा ओळंबा आणला, सोडून बघितलं, पाइप चांगलाच कललेला. पाइप सरळ नसेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंची पण बदलते आणि मग तुम्ही दिवसभर फिरवत बसाल तरी हाती लागत नाही. म्हणून आधी पाइप, मग मीटर. होकायंत्र छत्रीजवळ धरू नका, लोखंडाने काटा भलतीकडे जातो, फोनचं सुद्धा. आठ-दहा पावलं लांब जाऊन दिशा धरायची आणि समोरचं एखादं झाड खूण म्हणून ठरवायचं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. रत्नागिरीकडून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १२९ अंशांवर येतो, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. नागपूरवाल्यांनी १४४ च्या आसपास धरावं, तिकडे तो आणखी दक्षिणेकडे येतो.

मीटरचं संवेदनशीलता कमी-जास्त करायचं बटण आधी पूर्ण कमी करायचं, मग हळूहळू वाढवून काटा मधे आणायचा. पूर्ण वाढवून ठेवलं तर तो कशालाही ओरडतो, पत्र्याला, भिंतीला, माणूस समोर आला तरी. मधे ठेवून छत्री बोटभर बोटभर सरकवली की काटा एका जागी झटकन उठतो आणि बझरचा सूर चढतो, आणि हा क्षण इतका छान असतो की अडीच तासांचा घाम विसरायला होतो. यासाठी मीटरला पूर्ण मार्क. पूर्वी एक जण वर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर आणि आलं का, गेलं, आलं, थांब थांब, हे ओरडणं तासभर चालायचं, ते वाचलं.

पण मीटरला हे कळत नाही की सापडला तो उपग्रह कोणता. ९५ अंशावर, म्हणजे अगदी दीड अंश शेजारी, दुसरा एक दणदणीत उपग्रह आहे आणि आमच्या साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर काटा आधी त्याच्यावरच उठला. बझर जोरात, मी खूश, आणि खाली टीव्हीवर क्वालिटी शून्य. बाबा खिडकीतून म्हणाले, "अगं काहीच नाही इथे, स्ट्रेंथ ९० आहे नुसती." मग पाव इंच पश्चिमेकडे आणली आणि क्वालिटी ५२ झाली. म्हणून मीटर जवळ नेतो, शेवटचा निवाडा टीव्हीवरच्या क्वालिटीच्या पट्टीचाच. बॉक्समध्ये एलएनबीची सेटिंग ९७५०/१०६०० आहे ना तेही बघून घ्या, कोणीतरी फॅक्टरी रीसेट केला की ती कधी कधी बदललेली असते. त्यानंतर एलएनबीची क्लिप सैल करून तो आपल्या जागी गोल थोडा थोडा फिरवला, प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबून, तर ५२ ची ६८ झाली. एवढ्या फिरवण्याने! हे कोणी करतच नाही. काम झालं की मीटर काढून टाका आणि वायर सरळ जोडा, तो तिथेच लोंबत ठेवला तर सिग्नल पण खातो आणि पावसात भिजतो.

गणपतीत पाच दिवस चित्र स्वच्छ होतं. पण सप्टेंबरच्या शेवटाला मोठ्या पावसात अजून जास्त वेळ जायचं, शेजारच्यांचं परत यायचं आणि आमचं वीस मिनिटं नाही. मला फणसाचा संशय होता. खालून बघताना वाटतं छत्री समोर बघतेय आणि समोर तर मोकळं आहे, पण या छत्र्या जिकडे तोंड दिसतं त्याच्या २४-२५ अंश वर बघत असतात, म्हणून झाड आड येतंय हे डोळ्याला पटत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेच्या आसपास आणि मार्चच्या मध्याला सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो, आमच्याकडे ऑक्टोबरात पावणेअकरा ते अकरा आणि मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमाराला. तेव्हा काही मिनिटं चित्र जातंच, तो बिघाड नव्हे. आणि नेमकं त्याच वेळी छत्रीवर कशाची सावली पडली असेल तर ती वस्तू सिग्नलच्या वाटेत आहे.

बाबांना १ तारखेला फोन केला, ऊन होतं. ते अंगणात उभे राहिले, चित्र गेलं म्हणून आईने आतून सांगितलं आणि बाबा म्हणाले, "खालच्या कोपऱ्यावर सावली आहे गो, फणसाचीच फांदी, पानं हलतायत त्यावर." दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका पोराने ती फांदी उतरवली, एकच, झाडाला हात लावला नाही. क्वालिटी आता ७४ आहे. नवीन एलएनबी मी दोन घेतले होते, एक आईच्या कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवलाय, आणि छत्रीच्या पाइपाला खालून एक तिरका टेकू वेल्ड करून घ्यायचाय, कारण वानरं अजून त्याच वाटेने जातात.