ब्लाउजच्या दुकानातून: एलआयसीचं कॅन्सर कव्हर

एलआयसीचं कॅन्सर कव्हर, टेबल नंबर (म्हणजे प्लॅनचा नंबर) ९०५, मी घेतलंय हे कळल्यापासून दुकानात येणारी प्रत्येक दुसरी बाई विचारते, "चांगलंय का हो?" एकीला सांगता सांगता दुसरीचं माप चुकतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे कशासाठी घेतलं ते. कराडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आक्का आणि मी दोघी मिळून चालवायचो. आक्काला स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. उपचाराचा बराचसा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. पण नंतर उजवा हात सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले, या हाताला सुई टोचू द्यायची नाही, जड काही उचलायचं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे दुकान बंद कर म्हणण्यासारखंच. तासभर कात्री चालवली की तिच्या बांगड्या मनगटात रुतायच्या. दवाखान्याचं भागलं, पण हातची गेलेली लगीनसराई कुठली योजना देणार?

तेव्हा मला बिल भरणारी पॉलिसी नको होती, त्यासाठी मेडिक्लेम आहे. मला घरात पैसे येत राहतील अशी हवी होती. या एकाच मुद्द्यावर ९०५ मला पटली. समजा २० लाखांचं कव्हर आहे. सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर निघाला तर २५ टक्के, म्हणजे ५ लाख एकदम मिळतात आणि तीन वर्षांचे हप्ते माफ होतात. पुढच्या टप्प्यातला निघाला तर २० लाख (आधी ५ घेतले असतील तर १५), पुढचे सगळे हप्ते माफ, आणि वर दरमहा कव्हरच्या १ टक्का, म्हणजे २० हजार, दहा वर्षं. माणूस मध्येच गेला तरी ते २० हजार नॉमिनीला चालू राहतात. शिवाय बिलं दाखवायची भानगड नाही. ते पैसे तुम्ही औषधाला घाला, दुकानात बाई ठेवायला घाला, नाहीतर टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्यांसाठी मुंबईला खोली घ्या.

त्याआधी एका खाजगी कंपनीची गंभीर आजारांची पॉलिसी घेतली होती, ती परत केली. हप्ता कमी होता, पण घरी कागद आल्यावर व्याख्येचं पान वाचलं. थायरॉइडचा कॅन्सर गाठीतच मर्यादित आणि लहान असेल, म्हणजे रिपोर्टवर T1N0M0 असेल, तर काही नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा CIN-3, म्हणजे कॅन्सरच्या अगदी आधीची अवस्था, असेल तर काही नाही. कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे जागचा न हललेला कॅन्सर, तोही नाही. बहुतेक गंभीर आजाराच्या पॉलिसींत हीच व्याख्या असते, यात कंपनीची लबाडी नाही. पण बायकांच्या तपासण्यांत लवकर सापडतं ते नेमकं हेच. ९०५ मध्ये या तिन्ही गोष्टी सुरुवातीच्या टप्प्यात धरल्यात (इन सिटू कुठल्या अवयवाचा, त्याची यादी आहे, ती बघून घ्या). पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

एजंटावरून आठवलं. मला भेटलेल्या एकानं प्रपोजल फॉर्मवर "घरात कोणाला कॅन्सर?" या प्रश्नापुढे परस्पर "नाही" लिहायला पेन टेकवलं होतं. "कोण बघतंय ताई," म्हणे. मी म्हटलं, क्लेमच्या वेळी बघतील की! आक्काचं नाव, आजार, साल सगळं माझ्या हातानं लिहिलं.

आता खटकलेलं. पहिले १८० दिवस कव्हर नाही, त्यात निदान झालं तर काहीच मिळत नाही. असा थांबायचा काळ बहुतेक अशा पॉलिसींत असतो, कुठे कमी कुठे जास्त. पण हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ते १८० दिवस नव्यानं मोजतात. आमच्यासारख्या सीझनवर पैसा येणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवा. हप्ता सहामाही किंवा वार्षिकच भरता येतो, महिन्याला नाही. माझा मी दिवाळीनंतर येईल असा लावून घेतलाय, तेव्हा गल्ल्यात पैसे असतात. दुसरं, पाच वर्षांनंतर हप्ता वाढू शकतो. तिसरं, मुदत संपली की हातात काहीही येत नाही, मध्येच सोडली तरी नाही. आमचे हे अजून त्यावरून कुरकुरतात. मी म्हणते, गाडीच्या इन्शुरन्सचे परत मागता का?

कव्हर १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत मिळतं आणि वयाच्या ६५ पर्यंत घेता येतं. पहिली पाच वर्षं दरवर्षी मूळ कव्हरच्या १० टक्क्यांनी वाढत जाणारा प्रकारही आहे. चाळिशीच्या आत असाल तर तो बघा. मी साधाच घेतला, हप्ता झेपेल तोच बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेव्हा कोणी १८ टक्के धरलेलं जुनं कोटेशन दाखवलं तर नवीन काढून मागा.

मेडिक्लेम नसेल तर आधी तो घ्या, ९०५ नंतर. हृदय, किडनी, अपघात यांचं यात काही नाही. माझी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आजारपणात तिला रजा मिळते, पगार येत राहतो. तिनं विचारलं तेव्हा मी सरळ म्हटलं, तू नको घेऊस, तेवढ्या पैशात मेडिक्लेमची रक्कम वाढव. भाजीवाली, पार्लरवाली, खानावळवाली, जिचा हात थांबला की गल्ला थांबतो, तिनं जरूर बघावी.